श्वासाची बाजू

ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकणारी ही पोर तलावात पोहत जाताना उजवीकडे मान वळवून श्वास घ्यायची आणि परतताना डावीकडे. कोचने ती सवय मोडायचा वर्षानुवर्षं प्रयत्न केला, शेवटी हात टेकले, आणि पदक मिळाल्यावर मात्र तीच आपली खास पद्धत म्हणून जगाला सांगत सुटला.

वडील हे ऐकून गालातल्या गालात हसायचे. ती सहा वर्षांची असल्यापासून ते खांद्यावर तिचा टॉवेल टाकून तलावाच्या एकाच काठाने तिच्या बरोबरीने चालायचे. ती जाईल तसे जायचे, ती वळली की वळायचे. "कसली पद्धत! मी दिसलो नाही तर पोरीला धीर धरवत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. ऑलिम्पिकलासुद्धा त्यांनी भांडून त्याच बाजूची खुर्ची मिळवली होती.

निवृत्तीच्या दिवशी एका पत्रकाराने विचारलंच, "श्वासाचं ते गुपित आता तरी सांगा."

पहिल्या रांगेतले वडील सावरून बसले.

तिने त्यांच्याकडे बघितलं आणि ती जराशी घुटमळली. "बाबा, रागावू नका हं," ती म्हणाली. मग पत्रकाराकडे वळली. "काठावरची फरशी कायम ओली. यांच्या पायात ऑफिसचे गुळगुळीत बूट, आणि लक्ष सगळं माझ्याकडे. म्हणून मी दर श्वासाला बघून घ्यायचे, आहेत ना जागेवर. बाबांना पोहता येत नाही."