इक आणि अस

"नायट्रस आम्ल?" सुमिएनं गॅसकडे तोंड करूनच विचारलं.

"एच एन ओ थ्री," इवाओ ठासून म्हणाला.

"ते नायट्रिक. अस म्हटलं की एक ऑक्सिजन कमी. एच एन ओ टू. किती वेळा सांगू, अहो?"

ओसाकाच्या पूर्वेला इवाओ किताबाताचा धातूंना मुलामा द्यायचा छोटा कारखाना होता. टाकीत कुठलं आम्ल आहे, हे तो लांबून वाफेवरून ओळखी. कागद समोर आला की मात्र सगळं विसरे. विषारी रसायनं हाताळायच्या परवान्याच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला होता. कारखान्यातले एकमेव परवानाधारक, म्हातारे हिराओकासान, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. तोवर दुसरं कुणी पास झालं नाही, तर कारखान्याला कुलूपच.

"सल्फ्युरस?"

"एच टू एस ओ... फोर?"

"थ्री! फोर म्हणजे सल्फ्युरिक. बरं, फॉस्फॉरिक तरी?"

उत्तर चोरून बघावं म्हणून इवाओनं मान उंचावली. सुमिएच्या हातात उलथनं होतं. ओट्यावर बांगडा होता, मुळा होता. पुस्तक कुठंच नव्हतं. मग त्याला आठवलं, ते कालपासून आपल्याच पिशवीत पडलंय.

"एच थ्री पी ओ फोर," मासा उलटत ती म्हणाली. "लक्ष कुठंय तुमचं?"

"तुझ्याकडे," इवाओ म्हणाला.

पुढच्या आठवड्यात विम्याचं निमित्त सांगून त्यानं तिचा फोटो काढून घेतला.

ऑगस्टमध्ये परीक्षा आली. दरवर्षीप्रमाणे सुमिए परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत सोबत आली. तिच्या हातात भाताच्या मुटक्यांचा डबा होता, टोकदार पेन्सिली होत्या.

"जा आता. आणि इक-असचा घोळ घालू नका."

इवाओनं खिशातून प्रवेशपत्र काढून तिच्या हातात ठेवलं. त्यावर फोटो तिचा होता. नावही तिचंच.

"अगं बाई! अहो, मी कुठं शिकलेय रसायनशास्त्र?"

"तीन वर्षं शिकवतेयस की मला. जा, पेन्सिली तुझ्याकडेच आहेत. डबा दे इकडे."

"आणि मी नापास झाले तर?"

"तर मी रागावेन," बाकावर बसत इवाओ म्हणाला. "माझी तेवढी एक हौस राहिलीय."

महिन्याभरानं निकाल लागला. त्याची हौस काही पुरी झाली नाही.