मोलोखियाची फोडणी

सेप्सिसनं, म्हणजे रक्तात भिनलेल्या जंतुसंसर्गानं आडव्या झालेल्या हाज्जा तफीदा परवापासून इजिप्तमधल्या मन्सूरा शहराच्या इस्पितळात डोळे मिटून पडल्या होत्या. त्या यातून उठतील की नाही, ते डॉक्टर शाहिनाझ रोज त्यांच्या रक्तात शोधत होत्या. आज लॅक्टेट उतरलं होतं, ही चांगली खूण; पण जंतुसंसर्गाचा दुसरा आकडा वरच हटून बसला होता.

"म्हणजे बऱ्या होतील ना?" हाज्जांच्या सुनेनं, अवातिफनं विचारलं.

"रक्त अजून नक्की काही सांगत नाही, बाई. संध्याकाळी पुन्हा तपासू."

"रक्त राहू द्या, मीच विचारते," म्हणत अवातिफ सासूच्या कानाशी वाकली. "आई, आज मोलोखियाची पातळ पालेभाजी केली होती. लसणाची फोडणी ओतताना दचकल्यासारखा श्वास ओढतो ना आपण, तो ओढायचा राहिलाच बघा."

हाज्जांची एक पापणी हलली. मग दुसरी. मास्कच्या आतून घोगरा आवाज आला, "न दचकता ओतलीस? मग सगळा पाला तळाशी बसला असेल! हिला शिकवून शिकवून जीव गेला माझा!"

"नाही गेला, आई, नाही गेला!" अवातिफ ढसाढसा रडायला लागली.

संध्याकाळी दुसरा आकडाही मुकाट्यानं खाली आला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजींचे रिपोर्ट असेच तळ्यात-मळ्यात निघाले. डॉक्टर शाहिनाझनी ते बाजूला ठेवले आणि आजींच्या मुलाकडे वळून विचारलं,



"तुमची बायको स्वयंपाकात काय बिघडवते?"