बारा पस्तीसची अक्षता

बाळीवेशीतून वरात निघाली आणि कुणी नाचेचना.

नवरदेवाचा मामा महादेवप्पा रुमालाचं टोक दातांत धरून फणा काढायच्या तयारीत उभा होता. बँड मात्र काहीतरी नितळ, मोजकं, तोललेलं वाजवत होता. क्लॅरिनेटनं एक ओळ मांडावी, ट्रंपेटनं ती अदबीनं परत करावी. ताशाला रजा होती, झांजांना मौन.

ही रचना शाकीरनं सहा महिने घडवली होती. विद्यापीठात नवअभिजातवाद शिकताना त्याला उमगलं होतं, की भावनेचा पूर ओसरल्यावर जो घाट उघडा पडतो तीच कला: जुन्या आकृतीची शिस्त, समतोल, संयम. चाचा बंदेनवाज यांनी आपला बँड त्याच्या हाती एका वरातीपुरता दिला होता. फसलं, तर शाकीरनं सोमवारपासून चिंचोळीच्या कारखान्यात कामाला जायचं.

"आरं, लग्नाला चाललोय का मयताला?" महादेवप्पानं रुमाल काढला. "पाय कुटं टाकायचा ह्यात?"

"हा संयम आहे, मामा."

"त्यो लग्नानंतर हायेच की जन्मभर!"

चाचा शाकीरच्या कानाशी आले. "बेटा, लोगां नाचरे नै. चलरे."

खरंच, वरात चालत होती. नाचायचंच नाही, तर चौकाचौकांत थांबायचं कशाला? दोन तासांची वाट पंचवीस मिनिटांत संपली.

कार्यालयाच्या दारात ना आरती, ना माणूस. मुलीचे वडील गुरुशांत अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन धावत आले. "एवढ्यात कसं काय आला तुमी? नवरी पार्लरात हाय, भात आजून चुलीवर न्हाय!"

महादेवप्पानं बँडकडे बोट दाखवलं. "ह्यांनी हाकलत आणलं."

चाचांनी शाकीरच्या हातातून क्लॅरिनेट काढून घेतली.

पत्रिकेतली बारा पस्तीसची अक्षता दोन वाजता पडते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी ती बारा पस्तीसलाच पडली. पाठोपाठ लग्न लावणारे स्वामी मांडव ओलांडून बँडपाशी आले.

"ही चाल कुणी बसवली?"

शाकीरनं मान खाली घालून हात वर केला.

"तीस वर्षं लग्नं लावतोय. मुहूर्त गाठलेला आज बघितला." स्वामींनी चाचांकडे वळून सांगितलं, "ह्या म्हैन्यातली माझी सगळी लग्नं तुमाला. फकस्त परवा लई घाई हाय. सकाळी मोहोळला लगीन, दुपारी करकंबला." मग त्यांनी शाकीरला जवळ घेऊन हळूच विचारलं, "याच्यापरीस कोरडं कायतरी हाय का तुज्याकडं?"

"आहे, स्वामी," शाकीर म्हणाला, आणि भर मांडवात हुंदके देऊन रडू लागला.