सगळ्यात मागे

नवे बूट चुईचुई वाजत होते. आई स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जायची आणि वळून परत यायची. उजवा पाय पडला की आवाज व्हायचा, डावा नुसताच घासायचा. मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसली होती. तिने माइक बंद केला.

"आई, ते बूट काढ ना जरा."

आईने काढले. अनवाणी येऊन समोरच्या खुर्चीत बसली आणि मीटिंग संपायची वाट बघत राहिली. संपल्यावर तिने एक कागद पुढे सरकवला. तीन आठवड्यांनी मोठ्या बागेत दौड होती, इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डाला मदत म्हणून. ज्यांना धावता येईल त्यांनी धावायचं, बाकीच्यांनी चालायचं, अंतर चार किलोमीटर. आई तिला मॅरेथॉनच म्हणत होती. स्वतःचं नाव तिने चालणाऱ्यांत घातलं होतं आणि मुलीचं, तिला न विचारता, स्वयंसेवकांत. काम एकच. सगळ्यात शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचं, कोणी मागे सुटत नाही ना ते बघायचं.

"या वेळी तुला माझ्या पुढे जाताच येणार नाही," आई म्हणाली आणि आपल्याच युक्तीवर हसली.

मुलीची चाल पहिल्यापासून झपझप. बाजारात, रस्ता ओलांडताना, दवाखान्याच्या जिन्यात ती कायम दहा पावलं पुढे असायची. आई मागून म्हणायची, तू हो पुढे, मी येतेच. ती व्हायची पुढे. त्या दिवशीही बघू म्हणाली आणि पुढच्या मीटिंगसाठी हेडफोन लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

बूट मुलीने खोक्यात भरून कपाटावर ठेवले. दौडीतून नाव काढायला फोन करायचा राहून गेला. दौडीच्या आदल्या दिवशी आयोजकांचाच फोन आला, तेव्हा नाही म्हणायला तिला जमलं नाही.

तिला नारिंगी जाकीट मिळालं. पाठीवर 'शेवटची व्यक्ती' असं छापलेलं होतं. ती पुढे गेली की त्या त्या वळणावरच्या माणसाने झेंडा गुंडाळायचा, असा नियम. ऊन चांगलं वर आलं होतं. तिच्या समोर सगळ्यात मागे पडलेलं एक वयस्क जोडपं होतं. प्रत्येक झाडाची पाटी वाचल्याशिवाय बायको हलत नव्हती. नवरा म्हणत होता, अशाने आपल्याला न्यायला रुग्णवाहिका येईल. बायको म्हणत होती, येऊ दे, तेवढंच चालणं वाचेल.

पहिल्या वळणावर झेंडा घेऊन जवळच्या सलूनमधला न्हावी उभा होता. त्याने झेंडा गुंडाळला नाही. मी शेवटची, असं तिने सांगितलं, पाठही दाखवली. त्या मागच्या बाई आल्या की गुंडाळतो, तो म्हणाला, आणि मान उंच करून वाटेकडे बघत राहिला. तिने वळून पाहिलं. बाकं होती, पाणी मारलेली हिरवळ होती, वाट रिकामी होती. काही माणसांना थट्टेची सवय असते.

दुसऱ्या वळणावर पाण्याचं टेबल होतं. एका नर्सने मुलीच्या हातात पाणी दिलं आणि ती उरलेले पेले पिशवीत भरू लागली. तिने एक पेला तेवढा मागे ठेवला, भरला आणि टेबलाच्या कडेला सरकवला.

"एवढं चालायचं तर नवे बूट घालून कशाला यायचं?" ती म्हणाली. "पाय सोलले असतील त्यांचे."

मुलीने हातातलं पाणी प्यायलं नाही. या खेपेला तिने वळूनही पाहिलं नाही.

तिथून पुढे वाट सिमेंटची होती. मागे दहा पावलांवर तो आवाज आला. उजवा पाय वाजत होता, डावा घासत होता. ती झपझप चालू लागली. आवाज मागे पडला, अगदी बारीक झाला, पण थांबला नाही. मग ती त्या जोडप्याच्या इतकी जवळ गेली की अजून दोन पावलांत त्यांना ओलांडून गेली असती. तिला चाल कमी करावी लागली. आवाज हळूहळू दहा पावलांवर आला आणि तेवढंच अंतर ठेवून येत राहिला. ती थांबली की तो थांबायचा.

शेवटच्या रेषेवर हवा भरलेली कमान होती. वायरमन पंप बंद करायला बटणावर हात ठेवून उभा होता. जोडपं आत गेलं. चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, बघ, पोचलो. बायको बसायला खुर्ची शोधू लागली. वायरमनने मुलीला हाताने चला चला अशी खूण केली. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि त्याने बटणावरचा हात काढला.

"अजून एक बाई आहेत की," तो म्हणाला. "तुम्ही शेवटच्या ना? मग त्यांना आधी येऊ द्या."

रेषा दोन पावलांवर होती. मागे काहीच वाजत नव्हतं. ती कुठे उभी असेल, किती अंतरावर, हे मुलीला न बघता माहीत होतं. आपण रेषेपलीकडे गेलो तर मागून काय ऐकू येईल, तेही माहीत होतं.

ती वाट सोडून बाजूच्या गवतावर उभी राहिली. मागे वळली नाही.

"तू हो पुढे, आई," ती म्हणाली. "मी येते मागून."