उंबऱ्यावरचा थर

“राहू दे आता ते झाडणं, ताई. यान तासाभरात सुटतंय,” वैमानिक म्हणाला.

मृदुलाताईंनी खराटा टाकला. दोन सूर्यांनी भाजलेल्या या ग्रहावर जीव शोधण्यात त्यांची बारा वर्षं गेली. डोंगर पोखरले, दऱ्या पालथ्या घातल्या. हाती काही लागलं नाही. ‘ग्रह निर्जीव, खाणींना हरकत नाही,’ असं त्यांनी कालच कळवलं होतं.

सवयीने आपल्या ठाण्याला कुलूप लावायला त्या दाराकडे वळल्या, तशी उंबऱ्यावर त्यांची सावली पडली. तिथे रोज साचणारा राखाडी थर आज तसाच राहिला होता. तो शहारला आणि सरकत सरकत सावलीत, त्यांच्या पायाशी येऊन थांबला.

वैमानिक थिजला. “हे रोज येतं दाराशी?”

“रोज. आणि रोज मी उकळतं पाणी ओतून खराट्याने खरवडते.”