पक्की खोली

नदीपलीकडून सिंहाची डरकाळी आली आणि खांबेट्यांनी तंबूची चेन आतून टोकापर्यंत ओढून घेतली.

"काय भारदस्त आवाज आहे हो!" बाहेर खुर्ची टाकून चकली खात बसलेली बायको म्हणाली.

केनियात येऊन सिमेंटच्या खोलीत झोपायचं तर लोणावळा काय वाईट, असं सोसायटीभर सांगत त्यांनीच अभयारण्यातला हा तंबू निवडला होता. बायकोला विचारलंसुद्धा नव्हतं.

पाण्याच्या बाटलीचं निमित्त काढून ते तडक मॅनेजरकडे गेले. "एखादी पक्की खोली मिळेल का? माझं काही नाही हो, बायको फार घाबरते."

मॅनेजरने हसून किल्ली पुढे केली. "मॅडमनी महिन्यापूर्वीच फोन करून तुमच्यासाठी खोली राखून ठेवायला सांगितली होती. त्या स्वतः तंबूतच राहणार आहेत. खोलीत पलंग एकच आहे, पण त्यांच्या सांगण्यावरून दाराला आतून दोन कड्या लावल्यात."