साडेचारशे वॅट

चित्रं दोघी बहिणी काढायच्या; थोरलीची सरस असत. पण ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागली. धाकटीला ॲनिमेशनपटाचं काम मिळालं. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन तिने विचारलं, "ताई, माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय हे कार्ड पेलेल ना?" थोरलीने झाकण उघडलं. सप्लाय साडेचारशे वॅटचा होता; कार्डाला साडेसहाशेचा लागत होता. ऐन कामात कॉम्प्युटर बंद पडला असता. पडद्यावर धाकटीचं नाव झळकणार, या विचाराने थोरलीच्या पोटात दुखत होतं. "आरामात पेलेल," ती म्हणाली. धाकटीने कार्ड पुढे केलं. ते बसवताना थोरलीचा हात थबकला. "नाही पेलणार. मी खोटं बोलले." "माहीत आहे," धाकटी म्हणाली. "कार्डाच्या खोक्यावर लिहिलंय." "मग विचारलंस कशाला?" धाकटीने कार्ड परत घेतलं. "आई म्हणते, ताई तुझ्यावर जळते. सकाळी मी तिच्याशी त्यावरून भांडले."